मांडीवरचं सूत

दिवाळी उलटली, धान कापणीला आला, आणि आमच्या ओसरीत रेशमाच्या कोशांचं पहिलं पोतं उतरलं. दरवर्षी उतरतं. जंगलाकडचा माणूस येतो, पोतं भिंतीला टेकवतो, तांब्याभर पाणी पितो, निघून जातो. यंदा तो गेल्यावर मी चहा टाकायला वळले आणि जागच्या जागी थांबले. पोतं कुजबुजत होतं.

आता यात नवल काही नाही. कोशाच्या आत किडा जिता असतो. उन्हानं पोतं तापलं की तो आतल्या आत कूस बदलतो, आणि हजार किडे कूस बदलतात तेव्हा कोशावर कोसा घासून आवाज होतो. तीस वर्षं ऐकते आहे मी हा आवाज. पण यंदा मला वाटलं की आत माझ्याबद्दल बोलणं चाललंय आणि मी आले म्हणून ते एकदम हळू झालं. पोत्यावर थाप मारून मी म्हटलंसुद्धा, "काय ते मोठ्यानं बोला." मग माझी मलाच लाज वाटली.

आमचं घर विणकरांचं. माझं माहेर कोंढ्याचं, शेतकऱ्याचं. धानाच्या बांधीतून उठून मी या मागाच्या घरात आले. पुरुषांनी विणायचं आणि बायकांनी सूत काढायचं, ही इथली वाटणी. सूत काढायचं म्हणजे कसं, तर उकडून मऊ केलेले चार-पाच कोसे समोर घ्यायचे, पाटावर बसायचं, लुगडं मांडीपर्यंत वर सारायचं, मांडीला चिमूटभर राख लावायची, आणि कोशांतून ओढलेले तंतू एकत्र करून उघड्या मांडीवर तळहातानं वळायचे. सर्र, सर्र. दुसऱ्या हातानं ते फिरकीवर गुंडाळत जायचं. दिवसाकाठी एक लड होते. चरखा नाही, यंत्र नाही, मांडी हेच यंत्र. वर्षानुवर्षं वळून तिथली कातडी अशी गुळगुळीत होते की माशी बसली तर घसरावी. नवी सून आली की गल्लीतल्या बाया तोंड पाहायच्या आधी विचारायच्या, "मांडी कशी हाय वो पोरीची?" बाहेरच्याला हे ऐकून घाम फुटेल!

आणखी एक रीत. कोशाचं कापड देवाच्या कामाचं, म्हणून पाळीचे चार दिवस बाईनं कोशाला हात लावायचा नाही. स्वयंपाकघरातून ती शिवाशिव मी कधीच हद्दपार केली. कोशाची मात्र माझ्याच्यानं सुटली नाही. खोटं कशाला बोलू, त्या चार दिवसांची मांडीला सुट्टी मिळते हेही मला आवडायचं. आणि बाईची पाळी कायमची गेली, की म्हाताऱ्या तिला चिडवतात, "आता तीसही दिवस तुहे, बाई!"

माझे तीसही दिवस झाले त्याला दीड वर्ष झालं. आणि नेमकी तेव्हाच मांडी रुसली.

कोणी सांगितलंच नव्हतं हे. पाळी जाते म्हणजे कटकट जाते, एवढंच ऐकलेलं. पण ती एकटी जात नाही, पाहुण्यासारखी बॅग भरून जाते आणि आपलं बरंच काही त्या बॅगेत घालून नेते. केस गेले. कंगव्यात गुंता पाहून मी आधी पूनमवर, माझ्या सुनेवर, ओरडले की तुझे केस माझ्या कंगव्यात कसे. तिचे नव्हते. डोक्यावरचे गेले आणि हनुवटीवर दोन उगवले, तेही सुतळीसारखे. गुडघे बोलायला लागले. भर थंडीत अंगातून जाळ उठायचा. कानशिलं तापायची, पाठीवरून घाम ओघळायचा, आणि पाच मिनिटांत सगळं विझून हुडहुडी भरायची. लाखनीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वयाचं आहे, होईल ठीक, गोळ्या घ्या, फिरायला जा. चांगल्या आहेत बाई. पण त्यांना मी मांडीचं कसं सांगणार? मांडीची कातडी पातळ झाली, कोरडी पडली, सैल झाली. तळहात फिरवला की सूत वळायच्या ऐवजी कातडीच वळायची. राख जास्त लावली तर तंतू सुटायचे, कमी लावली तर चुरचुरायचं. फिरकीवर येणारं सूत कुठं जाड, कुठं बारीक, मध्येच गाठ. पन्नाशी ओलांडलेली मी, आणि सूत मात्र महिन्याभराच्या सुनेचं.

त्यात ते तोंड. एकदा कोसे उकडायचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, घासून उन्हात ठेवला आणि वाकले, तर आतून आत्याबाई पाहत होत्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, गोपिका त्यांचं नाव. वारून सहा वर्षं झाली. गालांची तीच खालची ओढ, डोळ्यांखाली तीच पिशवी, ओठ तसेच आत गेलेले. मुलगी आईवर जाते हे मी समजू शकते. पण मी कुठली, त्या कुठल्या? रक्ताचा एक थेंब आमच्यात सारखा नाही. मी गंज उलटा घातला. दुसऱ्या दिवशी समोरच्या जानकाबाईंनी ओट्यावरून हाक मारली. त्यांना मोतीबिंदू आहे हे मला माहीत आहे. "गोपिका, कोसा आला का वो?"

"आला," मी म्हटलं. का म्हटलं, कोणाच्या वतीनं म्हटलं, देव जाणे. त्या मान हलवून आत गेल्या आणि मी रस्त्यात उभी राहिले.

तेव्हापासून मला तो हंगाम आठवायला लागला. आठवायचा नाही असं ठरवलेला.

लग्नानंतरचा दुसरा हंगाम होता तो. मी तेवीस वर्षांची, आत्याबाई पन्नाशीच्या. आम्ही दोघी समोरासमोर पाटावर बसून सूत काढायचो. दोघींच्या हाताचं सूत कधी सारखं नसतं, आणि एका कापडात ते मिसळलं तर उजेडात धरल्यावर पट्टा दिसतो. विणकर त्याला सावली म्हणतात. सावली पडलेलं लुगडं कोणी घेत नाही. म्हणून त्यांच्या लडीला लाल दोऱ्याची गाठ आणि माझ्या लडीला पिवळी. लाल गाठीची लड अंगाच्या कापडाला, पिवळ्या गाठीची काठाकडे. मामाजी, म्हणजे सासरे, मागावर बसल्या बसल्या गाठ पाहून उचलायचे.

त्या हंगामात आत्याबाईंचं सूत बिघडलं. का बिघडलं हे मला आज कळतं; तेव्हा कसं कळणार? त्या मधूनच पदरानं वारा घ्यायच्या, चिडायच्या, उगाच रडायच्या. एका सकाळी मामाजी मागावरून ओरडले, "गोपिका, हे सूत हाय का सुतळी?" घरात पाहुणे होते. आत्याबाईंनी मान खाली घातली, ती जेवणापर्यंत वर केली नाही.

मला त्यांचं वाईट वाटलं. खरंच वाटलं. दुपारी त्या जरा आडव्या झाल्या की मी फिरक्यांवरून लडी उतरवायची. त्या दुपारी मी कात्रीनं दोन्ही गाठी कापल्या, माझ्या लडीला लाल दोरा बांधला आणि त्यांच्या लडीला पिवळा. कापलेले दोऱ्याचे तुकडे चुलीमागच्या राखेत टाकले. माझ्या नावावर खरबरीत सूत गेलं तरी काय बिघडतं, नवी आहे, शिकेल, म्हणतील. तसंच म्हणाले. आणि लाल गाठ हातात घेऊन मामाजी खूश झाले. "पाहा, तुह्या हाताले अजून उतार नाई," म्हणाले. ते ऐकून आत्याबाईंपेक्षा मीच जास्त फुलले, हे आज कबूल करते. मग रोजच करू लागले.

पण ज्या बाईनं तीस वर्षं सूत वळलं, ती आपलं सूत ओळखणार नाही होय? चार-सहा दिवसांनी त्यांनी लाल गाठीची लड अंगठ्याखालून सरकवली, थांबल्या, परत सरकवली.

"कुंदा, हे माह्यं नाई."

"तुमचंच व्हय आत्याबाई, लाल गाठ हाय ना."

"गाठ माही हाय. सूत माह्यं नाई." मग त्यांनी लुगडं वर करून आपल्या मांडीकडे पाहिलं, दिवसाढवळ्या, कोणा परक्या वस्तूकडे पाहावं तसं, आणि चिमटा घेतला. "माह्या मांडीवर कोणी दुसरीच बसून राहिली."

बोलायला हवं होतं. पण आता सांगायचं म्हणजे मामाजींसमोर त्यांचं सूत पुन्हा सुतळी ठरायचं. आणि मी खोटारडी ठरायची ते वेगळंच. मी गप्प बसले. एकदा गप्प बसलं की दुसऱ्या दिवशी बोलणं आणखी अवघड होतं.

मग घर बदललं. त्या स्वतःवरून मीठ-मोहरी उतरवून चुलीत टाकायच्या. तडतड झाली की माझ्याकडे पाहायच्या. पाटावर लिंबू ठेवायच्या आणि त्याच्या शेजारी बसायच्या. आरशासमोर उभ्या राहून म्हणायच्या, "तोंड कोणाचं हाय वो हे? माह्यं तर नाई." त्यांच्या सासूबाईंचं नाव घ्यायच्या, की ती आली आहे, तिला पाट हवा आहे. आणि मामाजी मागावरचं कापड उजेडात धरून कपाळाला आठ्या घालायचे. अंगाचं कापड सगळं लाल गाठीच्या सुताचं, तरी मधेच वीतभर खरबरीत पट्टा. मग पुन्हा गुळगुळीत. महिन्याभरानं पुन्हा तसाच पट्टा. "कोणाची सावली पडून राहिली बाप्पा या कापडावर?" ते म्हणायचे. आत्याबाई यायच्या, पट्ट्यावर हात ठेवायच्या, काही न बोलता जायच्या.

हंगाम संपायच्या आत एका सकाळी त्या पाटावरून उठल्या. पाट उचलला आणि कोशाच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभा केला. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "जे कोणी बसून राहिली ना, तिनं समोर बसावं. दिसली पाह्यजे." मला वाटलं, भुताशी बोलतायत.

पुन्हा त्या कधीच सुताला बसल्या नाहीत. पंचवीस वर्षं ओट्यावर बसून कोसे कानाशी हलवून पाहायच्या, कोणता भरला, कोणता फुटका. मी एका चालत्या-बोलत्या बाईला तिच्याच अंगाची भीती घातली, हे ओझं घेऊन मी त्यांना शेवटचं पाणी पाजलं. पाट तिथेच राहिला. भिंत पोतायची वेळ आली तरी मी त्याच्या बाजूबाजूनं कुंचला फिरवायची.

आणि यंदा तो हंगाम परत आला.

आमच्या घरचे, म्हणजे माझे यजमान, आता त्याच मागावर बसतात. पोतं उतरलं त्याच आठवड्यात ते म्हणाले, "कुंदा, सूत अटकून राहिलं वो. जरा पाहून काढत जा." साधं बोलले. पण आवाज मामाजींचा आला. पूनम तिथेच मोबाईल घेऊन उभी होती, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली केली.

दोन दिवसांनी मी खुंटीवरची कालची लड चाचपली. लाल गाठ होती; आत्याबाई सुतावरून उठल्यापासून ती माझीच. अंगठ्याखालून सरकली, ती कुठेही अडकली नाही. मी पुन्हा सरकवली. हे माझं नाही! गाठ माझी, सूत माझं नाही, आणि हे शब्द मी आधी कुठे ऐकलेत ते आठवून मी खाली बसले. लाल गाठीची अदलाबदल कशी होते, हे या पृथ्वीवर मला एकटीला ठाऊक होतं. ज्यांना कळू शकलं असतं त्या गेल्या. मग हे कोण करून राहिलं?

रोज व्हायला लागलं. संध्याकाळी खरबरीत लड खुंटीला टांगावी, दुसऱ्या दिवशी चहापर्यंत ती गुळगुळीत. उकडलेल्या कोशांतले दोन-चार कमी व्हायचे. दुपारी डोळा लागता लागता कुठून तरी सर्र, सर्र ऐकू यायचं, आणि मी उठून पाहावं तर माझा पाट रिकामा, भिंतीकडे तोंड करून तो दुसरा पाट तसाच. पूनमवर संशय घ्यायचं मनातही आलं नाही. मुलगा शहापूरला कामाला जातो, ती दुपारी खोलीला कडी लावून ऑनलाइन क्लास करते, आणि लग्न झाल्याच्या महिन्यातच तिनं सांगून टाकलं होतं, "आई, मांडी उघडी करून मी नाई बसत बाप्पा. आणि ते चार दिवसाचं तर काहीही हाय तुमचं."

आत्याबाईच आल्या आहेत, असं मी मनाशी धरून चालले. माझ्यावर उलटवतायत. हक्क होता त्यांचा. मी हळूच मीठ-मोहरी हातात घेतली आणि मग ठेवून दिली. गंजातल्या तोंडाला म्हटलं, चुकलं माझं. तोंडानं माझ्याबरोबर ओठ हलवले, दुसरं काय करणार?

मग गेल्या सोमवारी घरच्यांनी मागावरून हाक मारली. कापड खिडकीच्या उजेडात धरलं होतं. "सावली पडली वो. वीतभर."

मी पट्ट्यावर हात ठेवला. खालचं गुळगुळीत, वरचं गुळगुळीत, मधलं वीतभर खरबरीत. ते वीतभर मात्र माझं होतं. शंकाच नाही, माझ्या मांडीचं. त्या लडी कोणत्या दिवसांच्या? मंगळवार ते शुक्रवार. त्या दिवसांत घरात काय होतं? पूनम पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून फिरत होती. तोंडानं काहीही म्हणो, पण कोशाच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंतच येऊन चहा बाहेर ठेवून जात होती.

चार दिवस.

मी तशीच तिच्या दाराशी गेले. आतून आवाज येत होता, सर्र, सर्र. मी दार वाजवलं.

"क्लास चालू हाय आई!"

"उघड. तुह्या क्लासचा आवाज माह्या ओळखीचा हाय."

दार उघडलं. गाउन मांडीपर्यंत खोचलेला, मांडीला राख, कातडी लालभडक झालेली. फिरकी मागे लपवत होती. लपते का ती! "बाबा बोलले ना त्या दिवशी," ती म्हणाली, "तुमचं तोंड पाहून मले कसंतरी झालं. तुमच्याकडे पाहून पाहून, फुटक्या कोशांवर कधीचीच शिकली मी. वाटलं, कोणाले काय कळते." मग तिनं कपाटातल्या साड्यांखालून माझ्या सगळ्या खरबरीत लडी काढल्या. एकही टाकली नव्हती. "फेकाले जीव नाई झाला."

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. "अवो, घाबरून मेली ना मी इथं! मले वाटलं मी मीच नाई राहिली. तू मले सांगितलं काहून नाई?"

बोलले आणि तिथेच थांबले. हा प्रश्न तीस वर्षांपूर्वी कोणी कोणाला विचारायचा होता, ते माझ्या तोंडून निघाल्यावर मला कळलं. आणि त्यामागून दुसरं कळलं. मी सावली पाहिली आणि चार दिवस मोजले. मामाजींच्या कापडावरही महिन्याच्या महिन्याला सावली पडायची. का? तर माझे चार दिवस आले की मला कोशाला हात लावता यायचा नाही, लडी बदलता यायच्या नाहीत, आणि तेवढं सूत आत्याबाईंचं जायचं. मी एका पट्ट्यात ओळखलं. त्यांनी तर तीन-चार पट्टे पाहिले होते, हात ठेवून.

मी कोशाच्या खोलीत गेले. पूनम राखेच्या मांडीनिशी मागे आली. तीस वर्षं भिंतीकडे तोंड केलेला तो पाट मी दोन्ही हातांनी धरला आणि वळवला. धूळ उडाली. पाटाच्या एका पायाला काहीतरी गुंडाळलेलं होतं. मी पदरानं पुसलं. लाल आणि पिवळे दोऱ्याचे तुकडे, कात्रीनं कापलेले, एकाला एक जोडून पायाभोवती घट्ट बांधलेले. राखेतून एकेक वेचून.

त्यांना माहीत होतं. त्या घरातलं भूत मीच होते, जिवंत, तेवीस वर्षांची, आणि त्यांनी मला ओळखून पाट रिकामा केला होता. समोर बस, म्हणाल्या होत्या. मला म्हणाल्या होत्या. पंचवीस वर्षं त्या ओट्यावर बसून वाट पाहत होत्या का, की ही कधीतरी बोलेल? आत्याबाई, मी बोलले नाही. त्यांचं तोंड माझ्यावर येऊन बसलं, तेव्हा कुठे मला ऐकू आलं.

पूनमनं विचारलं, "हे काय हाय आई?" मी तिला सगळं सांगितलं, तिथेच धुळीत बसून, मामाजींच्या सुतळीपासून. ती मोबाईल विसरून ऐकत राहिली. मग मी तो पाट धुतला, दोरे तसेच ठेवले, आणि माझ्या पाटासमोर मांडला. तिच्या लडीसाठी लाल दोरा काढला, माझ्या लडीसाठी पिवळा. ती म्हणाली, "मग तुमी आता उठसान काय?"

"मी कायले उठू? मी काही आत्याबाई नाई. एवढी शहाणी नाई मी, आणि एवढी गरीबही नाई. तीसही दिवस माहे हायेत."

तेव्हापासून आम्ही दोघी समोरासमोर बसतो, दार उघडं टाकून. अंगात जाळ उठला की मी फिरकी ठेवते, पदरानं वारा घेते, ती थांबते. माझी मांडी चुरचुरते, सूत खरबरीत येतं ते येतंच. गंजातलं तोंड अजून आत्याबाईंचं आहे. आता मी गंज उलटा घालत नाही.

काल दुपारी मागावरून हाक आली. "काठाकडचं हे खरबरीत सूत कोणाचं वो?" पूनमचा हात हवेतच थांबला, तिनं माझ्याकडे पाहिलं. पोत्यातले कोसेही क्षणभर गप्प झाल्यासारखे वाटले.

"माह्यं हाय!" मी ओरडून सांगितलं, आणि मांडीवर हात फिरवला.